नजर चाऱ्यावर नव्हती

माझ्या वडिलांना चमत्काराच्या गोष्टी आवडत नाहीत. कोणी सांगू लागले की ते शांतपणे सगळे ऐकून घेतात आणि शेवटी एवढेच विचारतात, की मग पुढे तुम्ही काय केलेत. या एका प्रश्नाने भल्याभल्यांची गोष्ट विझलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. म्हणून ही हकीकत दोन वर्षे मी कागदावर आणली नाही. आम्ही बौद्ध. घरात सकाळ-संध्याकाळ वंदना होते, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जाणे होते, पण गाऱ्हाणे घालायला किंवा नवस बोलायला आमच्याकडे कोणी नाही. आपले दुःख आपणच निस्तरायचे, असे बाबांचे ठाम मत. मी त्यांच्याही पुढे गेलो होतो. वंदनेचे शब्द तोंडपाठ असले तरी त्यातून काही होत असेल असे मला कधी वाटले नव्हते. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. माझा भरवसा होता तो नीट आखलेल्या कामावर आणि वेळेवर केलेल्या फोनवर. अशा माणसाला त्या हिवाळ्यात जे दिसले ते जसे घडले तसे सांगतो. त्याला काय नाव द्यायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी त्यांनी लागोपाठ काही हिवाळे अजिंठ्याला काढले. लेण्यांच्या भिंतींवरची चित्रे झिजत चालली होती, म्हणून त्यांच्या हुबेहूब नकला करून ठेवायचे काम निघाले होते. बाबा भिंतीवरून रेषा उतरवून घेत आणि त्यांचे जोडीदार जगदीश माथुर त्यांत रंग भरत. त्या कामाचे नियम बाबांनी आम्हाला शंभरदा सांगितले असतील. जिथला गिलावा पडला आहे तिथे कागद कोरा सोडायचा. तिथे काय असणार हे कितीही ठाऊक असले तरी पदरचे काही भरायचे नाही. आणि नकलेवर स्वतःचे नाव कुठेही घालायचे नाही. पुढे दोघांचीही बदली दिल्लीला झाली, दोघांनाही लक्ष्मीबाई नगरमध्ये क्वार्टर मिळाली आणि आम्ही मुले दोन्ही घरांत जेवत वाढलो. चित्रांतल्या गोष्टी बाबा रात्री जेवताना सांगायला लागत, पण माझे लक्ष रेडिओवरच्या क्रिकेटच्या कॉमेंट्रीत असे. बाबांच्या निवृत्तीनंतर आई गेली, आणि त्यानंतर काचबिंदूने बाबांचे डोळे हळूहळू नेले. मिणमिणत्या उजेडात केसाएवढी रेषा पकडणाऱ्या माणसाला शेवटी दिवस आणि रात्र एवढाच फरक कळत होता, पुढे तोही कळेनासा झाला.

तेव्हा ते माझ्या मोठ्या बहिणीकडे राहत होते. ताई एका मंत्रालयात नोकरीला, आणि तिची क्वार्टरही लक्ष्मीबाई नगरातच, आमच्या जुन्या घरापासून चार ब्लॉक पलीकडे. ताई दिवसभर ऑफिसात, पण बाबांची पावले त्या वस्तीत इतकी मुरलेली होती की काठी घेऊन ते एकटे फिरत. दुपारी ते विहारात जाऊन बसतात अशी आमची समजूत होती. मग ताईची नागपूरला बदली झाली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. बाबांनी तिच्यासोबत जावे असे सगळ्यांनाच वाटत होते, पण त्यांनी दिल्ली सोडायची नाही असे सांगून टाकले. कारण विचारले तर डोळ्यांचे डॉक्टर इथे आहेत म्हणाले, जणू त्या डोळ्यांत आता डॉक्टरांसाठी काही उरले होते.

खरे सांगतो, मला आनंद झाला. गुडगावात आम्ही नवा फ्लॅट घेतला होता, आठव्या मजल्यावर. समोर माळरानावर रोज एक नवीन इमारत डोके काढायची, आणि संध्याकाळी कॉल सेंटरच्या गाड्या धूळ उडवत पोरापोरींना कामाला न्यायच्या. बाबा येणार म्हणून मी आठ दिवस राबलो. न्हाणीघरात घसरू नये अशा फरश्या बसवल्या, भिंतीने दांडे लावून घेतले, प्रवचनांच्या कॅसेट आणल्या, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. ऑफिसात लोक म्हणत, आजकाल असे कोण करतो यार. मी वरवर नको-नको म्हणायचो, पण ते ऐकायला मला फार गोड लागत होते. बाबांना घेऊन निघालो तेव्हा गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. आमच्या वस्तीला लागून असलेल्या सरोजिनी नगरला तिकडून दुपारी बस असते का? मी हसलो आणि म्हणालो, आता तुम्हाला आयुष्यात बसमध्ये चढायचे काम नाही. 

पहिल्या दोन-तीन दिवसांत कळले की ते दुपारचे जेवत नाहीत. नवीन जागा आहे, होईल सवय, असे आम्ही म्हटले. मग रात्रीचे जेवणही कमी झाले. मीना, माझी बायको, हरतऱ्हेचे करून बघत होती. झुणका केला, तांदळाची भाकरी केली, आयएनए मार्केटला जाऊन सुकट आणली. बाबा ताटावरून बोटे फिरवत, वास घेत, छान झालंय गं म्हणत, आणि दोन घासांनंतर ताट हलकेच पुढे सरकवत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पट्टा शेवटच्या भोकावर आला. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांना काहीही सापडले नाही. आणखी चार दिवस असेच गेले तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी माझा तोल गेला. मी बाबांना जवळजवळ ओरडूनच विचारले की तुम्हाला नक्की काय खायचे आहे ते एकदा सांगा, दिल्लीत मिळत नसेल तर मुंबईहून मागवतो. ते म्हणाले, सगळं चांगलं आहे रे, भूकच नाही.

दोन गोष्टी त्या काळात मीनाने मला सांगितल्या आणि मी दोन्ही कानाआड केल्या. रोज दुपारी एक वाजला की बाबा चाचपडत फोनपाशी जातात, बोटांनी मोजून एक नंबर फिरवतात, बराच वेळ घंटा वाजू देतात आणि ठेवून देतात. कोणाला करता म्हटले तर उचलत नाहीत एवढेच सांगतात. आणि जेवायला बसताना ते खुर्ची फिरवून तोंड बाहेरच्या दाराकडे करून बसतात. ही दुसरी गोष्ट मीही पाहिली होती. बाल्कनीतून ऊन येते म्हणून मी त्यांची खुर्ची तिकडे वळवून ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती परत दाराकडे वळलेली असायची. आंधळ्या माणसाला कुठे तोंड केले काय, असे माझ्या मनात आले होते. हे लिहिताना लाज वाटते.

डॉक्टर नळीचे बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वंदनेला बसलो. अनेक वर्षांत पहिल्यांदाच बसलो. शब्द तोंडातून जात होते आणि मन म्हणत होते, कोणी ऐकत असेल तर एवढा एक माणूस वाचव. मग आठवले की आमच्याकडे ऐकणारे कोणी नसते. कधी नव्हे ते त्या दिवशी मला आमच्या धर्माचा राग आला. निदान रागवायला तरी कोणीतरी हवे होते.

त्या दिवशी सुट्टी घेणार होतो, पण ऑफिसातून निरोप आला. कोरियाहून किम नावाचे एक वयस्कर पाहुणे आले होते, ज्यांच्या कंपनीचे आम्ही काम करत होतो. त्यांना कामाच्या आधी अजिंठ्याच्या चित्रांचे प्रदर्शन बघायचे होते, जे कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहाच्या हॉलमध्ये लागले होते. साहेब म्हणाले, तू महाराष्ट्राचा आहेस, अजिंठा तुझाच, तूच घेऊन जा. मी अजिंठ्याला एकदाच गेलो होतो, सातव्या वर्षी, आणि त्या सहलीतले मला फक्त बसमध्ये झालेली उलटी आठवते. पण घरी बसून बाबांचे गळालेले खांदे बघण्यापेक्षा हे बरे, म्हणून मी गेलो. आपण पळून आलो आहोत हे मला गाडी चालवताना पुरते ठाऊक होते.

किमसाहेब सत्तरीचे असतील. हॉलमध्ये शिरल्यावर ते प्रत्येक चित्रापुढे थोडे वाकून उभे राहत. जुन्या नकला होत्या, मोठमोठ्या, आणि काहींच्या शेजारी त्यांच्या मूळच्या पेन्सिलीच्या रेषांचे कागदही काचेखाली लावले होते. मध्येच पांढरे कोरे तुकडे होते, जिथे गिलावा पडलेला होता. पाहुणे हळूहळू इंग्रजी बोलत. त्यांनी सांगितले की चीनमधल्या लेण्यांतही ते जाऊन आले आहेत आणि तिथल्या भिंतींवर आईबापांच्या उपकारांची चित्रे आहेत. मूल ओल्या जागी नको म्हणून त्याला कोरड्या बाजूला सरकवून आई स्वतः ओल्यात निजली आहे, असे एक चित्र. शिकवण अशी, की एका खांद्यावर आई आणि दुसऱ्या खांद्यावर बाप घेऊन मुलगा डोंगराला प्रदक्षिणा घालत राहिला, खांद्याची कातडी झिजून हाड उघडे पडले, तरी ऋण फिटले नाही. मी मान डोलावली. मनात माझ्या फरश्या आणि दांडे आले, आणि नको त्या वेळी थोडा अभिमानही वाटला.

मग आम्ही सतराव्या लेण्यातल्या हत्तीपुढे आलो. खालच्या पाटीवरून मी त्यांना गोष्ट वाचून दाखवली. बोधिसत्त्व एका जन्मी पांढरा हत्ती होता आणि रानात आपल्या आंधळ्या आईला सांभाळत होता. राजाच्या माणसांनी त्याला पकडून नगरात आणले. त्याच्यासाठी हत्तीशाळा सजवली, उत्तम चारा मांडला, राजाने स्वतःच्या हाताने घास पुढे केला. पण हत्ती खाईना. शेवटी राजाने कारण विचारले, तेव्हा कळले की तिकडे आंधळी आई उपाशी आहे. राजाने त्याला सोडून दिले. किमसाहेब म्हणाले, चांगला मुलगा. मलाही तसेच वाटले, आणि त्या हत्तीत मी स्वतःलाच बघत होतो. आंधळ्या बापाला सांभाळणारा मीच नव्हतो का!

पाहुणे तोवर शेजारच्या पेन्सिलीच्या कागदावर वाकले होते. हत्ती उभा, पुढ्यात चाऱ्याचा ढीग, आणि डोळ्याच्या जागी पोपडा उडाल्यामुळे अर्धीच रेषा. त्याच्या बाजूला समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले होते. हे काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. त्यांनी विचारले नसते तर मी पुढच्या चित्राकडे गेलो असतो. मी वाकलो आणि वाचायच्या आधीच अंगावर काटा आला. अक्षर बाबांचे होते. आधी सगळी अक्षरे लिहून मग शेवटी एका फटकाऱ्यात लांबलचक शिरोरेघ ओढायची आणि ती कडेच्या बाहेर जाऊ द्यायची, हे माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर मी पाहिले होते. नाव न घालणाऱ्या माणसाने रंग भरणाऱ्यासाठी हिंदीत एक सूचना लिहून ठेवली होती.

"जगदीश, यह खा नहीं रहा है. नज़र चारे पर नहीं है, रास्ते पर है. ध्यान रखना."

मी किती वेळ तसाच वाकून होतो ते सांगता येत नाही. ज्या डोळ्यांनी ही नजर टिपली ते डोळे आता माझ्या घरी दाराकडे लागलेले होते. तीस वर्षांपूर्वी, मी चालायलाही नीट शिकलो नसेन तेव्हा, माझ्या बापाने त्या भिंतीपुढे बसून हे लिहिले होते, आणि मला ते नेमके आज वाचायला मिळत होते, एका परक्या देशाच्या म्हाताऱ्याने बोट दाखवले म्हणून. आणि त्याच क्षणी चित्रातली माझी जागा बदलली. मी हत्ती नव्हतो. मी राजा होतो. सजवलेली हत्तीशाळा माझी होती, दांडे माझे होते, चाराही माझाच होता. फरक एवढाच की त्या राजाने कारण विचारले होते आणि मी फक्त काय खाणार तेवढे विचारत आलो होतो.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते.  मी किमसाहेबांना एवढेच सांगितले की हे माझ्या वडिलांचे अक्षर आहे. त्यांनी दोन्ही हात जोडले, आधी कागदापुढे आणि मग माझ्यापुढे, कमरेतून वाकून. त्यानंतर ते आपणहून म्हणाले की आजची मीटिंग उद्या करू, तुम्ही घरी जा. त्यांना मी पुन्हा कधी भेटलो नाही. पुढची बोलणी दुसऱ्या लोकांनी केली.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. बाबा खुर्चीवर होते. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो, तसा लहानपणानंतर कधी बसलो नव्हतो. प्रदर्शनाचे काही सांगितले नाही. त्यांचा हात हातात घेतला आणि विचारले, "बाबा, कोण उपाशी आहे?"

 त्यांचा चेहरा वितळल्यासारखा झाला आणि ते म्हणाले, "जगदीश."

वाचताना ते नाव मी नुसते पाहिले होते. कागदावरची सूचना ज्याच्यासाठी असते त्याचे नाव वर असायचेच. आता ते बाबांच्या तोंडून ऐकले आणि कळले की कागदाने उत्तरही मला आधीच दिले होते.

मग सगळे बाहेर आले. माथुरकाकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती आणि बोलणेही जवळजवळ गेले होते, हे मला ठाऊक होते. मी दोनदा भेटायलाही गेलो होतो, फळे घेऊन. ते लक्ष्मीबाई नगरातच मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. मुलगा अनिलभैया आणि सून, दोघेही नोकरीला. स्वयंपाकाची बाई दुपारी खिचडी किंवा दलिया करून स्टुलावर ठेवून जायची. काका डाव्या हाताने हळूहळू खातात अशी सगळ्यांची समजूत होती. पण डावा हातही थरथरत होता. बाईने भरवायला घेतले की ते तोंड मिटून घेत, मुलाने घेतले तरी मिटून घेत. खाताना ओठाच्या कोपऱ्यातून अन्न गळायचे, ते कोणी बघितलेले त्यांना चालत नव्हते.

"मला दिसत नाही ना, म्हणून तो माझ्या हातानं खायचा," बाबा म्हणाले. "अनिलला सांगू नको, एवढं कसंबसं बोलला होता. मी शब्द दिला होता."

दोन वर्षे बाबा रोज दुपारी एक वाजता विहारात नव्हे, तिथे जात होते. त्या घराची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, तेव्हाही, माझ्या आठव्या मजल्यावर. मला का नाही सांगितलेत, असे मी विचारले नाही. दिलेला शब्द होता, आणि त्याहीपेक्षा, मुलाने एवढ्या हौसेने सगळे केले आहे, त्याला इथे माझा जीव रमत नाही असे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा त्यांचा संकोच. त्यांनी बोलायचे टाळले की त्या कोऱ्या जागेत आपल्या मनचे भरून मोकळे व्हायची मला खोड होती.

मी अनिलभैयाला फोन लावला. काका कसे आहेत म्हणताच त्याचा आवाज फुटला. म्हणाला, तीन हफ्ते से पापा न के बराबर खा रहे हैं, थाली वैसी की वैसी पड़ी रहती है, डॉक्टर कहते हैं नली डालनी पड़ेगी. हेच शब्द माझ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला ऐकवले होते. शहराच्या दोन टोकांना दोन म्हातारे एकाच दिवसापासून उपाशी होते, आणि आम्ही दोघे मुलगे आपापल्या बापाला काय आवडते याचा शोध घेत बसलो होतो. बाबांचा शब्द मोडावा लागला. मी सगळे सांगितले. तो म्हणाला, कल दोपहर अंकल को ले आइए.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता मी बाबांना लक्ष्मीबाई नगरात उतरवले. हात धरायला गेलो तर त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला. वळणे, पायऱ्या, कुंपणाची तार, सगळे त्यांच्या पायांना माहीत होते. तीन आठवडे धड न जेवलेला माणूस माझ्या पुढे चालत होता आणि मी मागे होतो. कुलूप त्यांनीच उघडले. अनिलभैया स्वयंपाकघरात थांबला होता. काकांना आपण आहोत हे कळू नये म्हणून आम्ही दोघे आतच, दाराच्या आडून बघत राहिलो.

काका खाटेवर उशीला टेकून होते. बाबांची काठी उंबऱ्यावर वाजली आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता, पण मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही शब्दापेक्षा मला तो स्पष्ट कळला.  बाबांनी हात धुतले, स्टूल ओढले, वाटीवर हात ठेवून खिचडी गरम आहे का ते पाहिले. मग डाव्या हाताचे एक बोट काकांच्या खालच्या ओठावर टेकवले आणि उजव्या हाताने चमचा त्या बोटाच्या अंदाजाने आत नेला. थांबले. घोट उतरल्याचे घशाला हात लावून पाहिले. ओठाचा कोपरा आपल्या रुमालाने टिपला. मग दुसरा चमचा. एकही थेंब बाहेर सांडला नाही. ज्याने रेषा काढल्या तो आंधळा होता, ज्याने रंग भरले त्याचा हात गेला होता, आणि दोघे मिळून एक काम करत होते. काकांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ती बाबांना दिसत नव्हती, किंवा हाताला लागत असूनही ते तसे दाखवत नव्हते. माझ्या शेजारी अनिलभैया भिंतीला डोके टेकून रडत होता.

मी विहारांत मोठमोठ्या मूर्ती पाहिल्या आहेत. पण त्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, दाराच्या आड, माझे गुडघे आपोआप जमिनीला लागले. हात जोडले गेले. कोणाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

वाटी संपली. बाबांनी ती खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड करून, आम्ही तिथे आहोत हे जणू पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखे म्हणाले, "उरली असेल तर मलाही वाढा."

ते दोन वाट्या जेवले. वर लोणचे मागितले.

पुढचे सोपे नव्हते. मला वाटले होते, रोज दुपारी गाडी करून देऊ, ने-आण होईल, बाबा राहतील माझ्याच घरी. चार दिवस केलेही. धौला कुआंच्या ट्रॅफिकमध्ये बाबांचा जीव अर्धा होऊन परत यायचा, आणि तरी मी हट्ट सोडत नव्हतो. पाचव्या दिवशी अनिलभैयाच म्हणाला, अंकल यहीं रह जाएँ, पापा के कमरे में दूसरी खाट लग जाएगी.  बाबा मागणार नाहीत हे मला ठाऊक होते. मागायला ते कधी शिकलेच नव्हते. उत्तर मलाच द्यायचे होते, आणि ते मला जड जात होते. कारण मग लोक म्हणणार होते, एवढा मोठा फ्लॅट आणि बाप दुसऱ्याच्या दारी. मी हो म्हणालो, आणि लोक म्हणालेही. ताई नागपूरहून फोनवर रडली. बुद्ध पौर्णिमेला विहारात एका ओळखीच्या गृहस्थाने सगळ्यांसमोर मला सुनावले. मी ऐकून घेतले. चांगला मुलगा म्हणवून घेण्याची जी चटक मला लागली होती, ती तेवढ्याने सुटली नाही, पण ढिली पडली.

मी बाबांना कधीतरी प्रदर्शनाबद्दल सांगितले. तो कागद, ते अक्षर, तो पाहुणा, तो दिवस, सगळे. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकले. हत्तीच्या डोळ्याचा पोपडा कोणत्या बाजूने उडाला होता, हे त्यांनी मला विचारून खात्री करून घेतली. योगायोग म्हणाले नाहीत आणि दुसरेही काही म्हणाले नाहीत. मीही तो वाद घालत नाही. एवढेच जाणतो की मी ज्या सकाळी कोणी ऐकत नाही म्हणून रागावलो, त्याच दिवशी मला वाकून वाचायला लावणारे कोणीतरी माझ्या शेजारी उभे होते. त्याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते न कळताच मी ते रोज मानतो.

रविवारी आम्ही तिकडे जातो. मीना दोघांसाठी काही ना काही करून नेते. बाकीचे सहा दिवस मी गुडगावातल्या काचेच्या इमारतीत असतो, आणि दुपारी एक वाजला की हातातले काम थांबवून मिनिटभर डोळे मिटतो. त्या वेळी लक्ष्मीबाई नगरात माझे वडील आपल्या मित्राच्या ओठावर बोट टेकवून पहिला चमचा आत नेत असतात. ते मी घडवून आणलेले नाही, ते माझ्यावाचून सुरू झाले आणि माझ्यावाचूनच चालते. मला फक्त त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचे होते, आणि ते माझ्याकडून वेळेत झाले, एवढेच माझ्या पदरी आहे. तेवढे मला पुरते.